अकरा दिवसांचं कारण

“तिसरा खांब अकरा दिवस मागं का पडला?”

बिरूनं हे इंजिनिअरला विचारलं, तो नवा होता. गवंड्यांना विचारलं, तेही बदललेले. दादाला विचारावं, तर दादाचं तेरावं कालच झालं.

मठापुढच्या ओढ्यावरचा पूल दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, मायाप्पानं, उभा केला होता. कोणतं काम कधी उरकायचं, ते तो लॅपटॉपवर मांडून ठेवायचा. तोच लॅपटॉप बिरूनं मठातल्या रेवणबुवांपुढं आदळला.

“बघा, बुवा. वरची करडी पट्टी म्हणजे दादानं आधी ठरवलेल्या तारखा. खालची निळी म्हणजे काम खरं झालं त्या. सगळीकडं जुळतंय. हितंच तेवढी निळी पुढं गेलीय.”

“मग?”

“आज विश्वस्तांची बैठक हाय. म्हणतील, मायाप्पानं काम रखडवलं. गेलेल्या माणसाला नावं ठेवतील! हे बटण दाबलं की करडी सरकून निळीला जुळती. उशीर झालाच नाही, असं दिसतंय.”

“कुणाला?”

“सगळ्यांना!”

“तुलाबी?”

बिरूनं बटणावर बोट ठेवलं.

“खांब कधी व्हायचा होता?”

“चार फेब्रुवारीला. झाला पंधराला.”

बुवांनी पडद्यावर त्या दोन पट्ट्यांच्या टोकांमधल्या जागेवर बोट ठेवलं. मग तेच बोट बिरूच्या पोटावर, सदऱ्याआडच्या टाक्यांच्या वणावर टेकवलं.

“हे कधीचं?”

“आतडं फुटलं तेव्हाचं. फेब्रुवारी...”

“उशाशी कोण होतं?”

बिरूचा हात बटणावरून खाली आला. तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. सिमेंटनं खरबरीत झालेला एक तळवा कपाळावर असायचा, एवढंच आठवत होतं.

“मला कधी बोलला नाही, बुवा...”

“मलाबी नाही. दवाखान्यात डबा घेऊन आलतो, तेव्हा दिसला.”

बिरू लहान पोरासारखा रडला. मग बाहीनं नाक पुसून पडद्याकडं वळला. निळ्या पट्टीपुढं उशिराचं कारण लिहायची चौकट होती. दादानं ती रिकामीच ठेवली होती.

बिरूनं शाळा चौथीत सोडलेली. एकेक अक्षर हुडकत त्यानं त्या चौकटीत आपलं नाव लिहिलं आणि लॅपटॉपला हात जोडले.

बुवांनी वाकून वाचलं.

“आता पूल पुरा झाला.”