उंच खांब, आखूड दोर

दोष येसूअण्णांचाच होता. वाऱ्याचा नाही, नशिबाचा तर मुळीच नाही.

एका गावात चैत्रातल्या जत्रेला त्यांचा सिनेमाचा तंबू लागायचा. काय दिवस होते ते! दुपारीच पोरं पोती टाकून जागा धरायची. अंधार पडला की पडद्याच्या पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. मागून चित्र उलटं, म्हणून बायकांना नायक डावखुरा दिसायचा, तरी रडू तेवढंच यायचं.

एका वर्षी शेजारी दुसऱ्याचा तंबू लागला. त्याच्याहून उंच दिसावं म्हणून अण्णांनी चोवीस फुटांचा खांब काढून अठ्ठावीस फुटांचा उभा केला. ताणाचे दोर मात्र तेच, तीस फुटांचे. अंबाडीचे, त्यांच्या वडिलांनी स्वतः वळलेले. दरवर्षी त्या दोरांना हळदकुंकू लागायचं.

खांब वाढला, दोर तेवढाच राहिला. मग खुंट्या खांबाजवळ सरकल्या. अण्णांची मुलगी सुलभा दहावीत होती. तिने मातीत काटकोन त्रिकोण काढला. उभा खांब, आडवी जमीन, तिरका दोर.

"अण्णा, खुंटी अठरा फुटांवर असायची, आता अकराच्याही आत आलीय. दोर फार उभा झाला. वारा आला की खुंट्या उपटतील. पूर्वीचाच कोन हवा तर साइन तेच ठेवायचं, चोवीस भागिले तीस, म्हणजे पॉइंट आठ. अठ्ठावीसला त्याने भागा. दोर पस्तीस फूट लागतो. पाच-पाच फूट जोडून घेऊ या."

"वडिलांच्या दोराला गाठ मारू? माझ्या बापाने पाहिलं होतं का तुझं ते साइन? पडला का कधी तंबू?"

"आजोबांचा खांब चोवीस फुटांचा होता."

"गप बस! वारा काय तुझं पुस्तक वाचून येणार आहे?"

भोवतीचे म्हातारे खो खो हसले. पोरगी खरं बोलली की म्हाताऱ्यांना हसू येतंच. अण्णांनी खांबापुढे नारळ फोडला.

संध्याकाळी खेळ रंगात आला आणि वळवाचा वारा सुटला. सुलभाला खुंटी हलताना दिसली. तिने कनाती वर करून ओरडून ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. अण्णा मात्र खांबाला मिठी मारून उभे. वडिलांचा एकही दोर तुटला नाही. खुंट्या उपटल्या आणि खांब अण्णांना घेऊन आडवा झाला.

तात्पर्य: वाडवडिलांच्या वस्तूला नमस्कार जरूर करावा, पण माप गणिताला विचारावं; सांगणारं पोर लहान म्हणून गणित लहान होत नाही. हे न कळल्यामुळे येसूअण्णांचा उजवा पाय गेला.