कासारांची उसनी पोथी

सन दोन हजार एकोणीस, माघ महिना, शिशिराची शेवटची थंडी.

“आत घातलेलं बाहेर निघतं का?” मठाधिपती अचलनाथ महाराजांनी विचारलं.

वैजनाथाने कॉम्प्युटर त्यांच्यापुढे सरकवला. “महाराज, आधी बघा तर खरं. बोटानं पान उलटतं. शब्द टाकला की ओळ सापडते. जगात कुठूनही पोथी वाचा. आणि चोरी म्हणाल, तर कुणाची छाती नाही.”

“चोरीचं मी विचारलं नाही.”



वैजनाथ मठातच वाढला होता. पुण्याला जाऊन ग्रंथालयाचं शास्त्र शिकून आला आणि दोन हिवाळे बसून मठातल्या सगळ्या पोथ्यांचे फोटो काढले. ते ठेवायचे कशात आणि लोकांना दाखवायचे कशातून, एवढंच आता ठरायचं होतं. त्याने दोन सॉफ्टवेअर पाहिली होती. एक कंपनीचं, देखणं. दुसरं फुकटचं, गावोगावच्या ग्रंथपालांनी मिळून घडवलेलं. पण ज्याचं त्याने बसवायचं, ज्याचं त्याने राखायचं.

वैजनाथाचं मन देखण्यावर बसलं होतं. फोटो त्यात चढवूनही झाले होते. कंपनीचा माणूस करार घेऊन ओसरीवर चहा पीत होता. सही तेवढी महाराजांची हवी होती.

“आणि ते दुसरं?”

“ती हमाली आहे, महाराज. त्यासाठी का मी शिकलो?”

महाराजांनी दाराकडे पाहिलं. दारात सोनाबाई कासारीण उभी होती.

महाराज पोरसवदा होते तेव्हा त्यांना कुणी पोथीला हात लावू देत नसे. सोनाबाईच्या बापाने स्वतःच्या हाताने लिहिलेली पोथी उसनी दिली. तिच्यावरच ते वाचायला शिकले. ती पोथी अजून मठातच होती. मठाची रीत अशी, की उसनी पोथी एकटी परत जात नाही. सोबत तिची नक्कल जाते.

“महाराज, पोथी न्यायला आले,” सोनाबाई म्हणाली. “उद्या भावांची वाटणी आहे. दोघंही पोथीवर अडलेत. धाकटा म्हणतो, मधून फाडा, अर्धी-अर्धी घेऊ.”

“फाडायची नाही. पोथी थोरल्याला, नक्कल धाकट्याला. वैजनाथा, नक्कल दे.”

वैजनाथाने पोथी पडद्यावर आणली. सोनाबाई पुढे वाकली. “बाबांचं अक्षर! अगं बाई... दे बाबा, दे.”

त्याने एक पान उतरवलं. पानावर आडवा कंपनीचा शिक्का आला. दुसरं उतरवलं. तोच शिक्का. सगळी पोथी एकदम निघेना. तो ओसरीवर गेला.

“सर, एकेक पानच निघतं,” कंपनीचा माणूस म्हणाला. “करार झाल्यावरही तसंच. पूर्ण हवं असेल तर मुख्य कचेरीत अर्ज करा. विचार होईल.”

“आणि पानापानाला मी लिहिलेली माहिती?”

“ती आमच्या साच्यात आहे ना, सर. बाहेर नाही निघणार.”

डिस्क भरली म्हणून मूळ फोटो वैजनाथाने आठवड्यापूर्वीच पुसले होते. तरी आत येऊन तो म्हणाला, “महाराज, सही करून टाका. मग मी त्यांच्या वरच्या साहेबांशी बोलतो. होईल काहीतरी.”

“वाटणी उद्या आहे,” सोनाबाई म्हणाली.

महाराज उठले. “जा, पोथी तरी आण.”

वैजनाथ पोथ्यांच्या खोलीत शिरला. मागे दार लागलं. कडी पडल्याचा आवाज आला.

“महाराज! कडी लागली!”

“लावली.”

“का?”

“चोर फार झालेत. आता तुला न्यायची कुणाची छाती आहे?”

बाहेरून कंपनीच्या माणसाचा आवाज आला. “सर, माझी गाडी चुकेल. सहीचं काय करायचं?”

“महाराज, पाहुण्यासमोर माझी शोभा होतेय!”

“तू सुखरूप आहेस.”

“सोनाबाईला रिकाम्या हाताने धाडणार का?”

“अर्ज कर. विचार होईल.”

वैजनाथाने दारावर लाथ मारली. दार सागवानी होतं. मग त्याने अंधारात दाराच्या फळीवरून हात फिरवला. वर, खाली, कडेने...



“महाराज,” शेवटी तो हळू म्हणाला, “आतून कडीच नाही.”

दार उघडलं.

पोथी छातीशी धरून तो बाहेर आला आणि सरळ ओसरीवर गेला. “करार परत न्या.”

“आणि तुमचे फोटो? दोन वर्षांचं काम आहे, सर!”

“राहू द्या तिकडेच. पोथ्या इथं आहेत.”

त्याने अंगणात उन्हाला पाट मांडला, वर कॅमेरा बांधला. सोनाबाई पदर खोचून समोर बसली. “पानं मी उलटते. तू धसमुसळा दिसतोस.” ऊन सरकलं तसा पाटही सरकला. ते फुकटचं सॉफ्टवेअर त्याने मठाच्या जुन्या मशीनवर बसवलं. दोनदा अडलं. तिसऱ्यांदा चाललं. प्रत्येक पानाची माहिती त्याने पुन्हा लिहिली.

दिवेलागणीला पोथी पुरी चढली. त्याने ती सगळीच्या सगळी परत बाहेर काढली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि सोनाबाईच्या मोबाइलला जोडली. बापाचं अक्षर पानामागून पान उघडत गेलं. शिक्का कुठेच नव्हता.

“एवढ्याशा चिमटीत सगळं मावलं?”

“मावलं, आत्या.”

महाराजांनी पोथी लाल कापडात बांधली, नक्कल दुसऱ्या लाल कापडात. दोन्ही तिच्या ओटीत घातल्या. ती पाया पडायला वाकली. त्यांनी तिला थांबवलं आणि स्वतः वाकून पोथीला डोकं टेकवलं.

“सोनाबाई, फिटलं.”