कोल्ह्याने पाहून आणलेली वाट

फार मागे एका रानात पाणवठ्याकडे जायला धड वाट नव्हती. गेंडेराजाने कोल्ह्याला इतर रानांतल्या वाटा बघायला धाडलं.

परतून तो म्हणाला, “महाराज, एका रानात सगळ्यांच्या धान्यातून वाट बांधतात, मग चालणं फुकट. दुसऱ्यात व्यापारी बांधतो आणि खर्च निघेपर्यंत चालणाऱ्यांकडून दाणे घेतो.”

“मग आपण?”

“दोन्ही! बांधू प्रजेच्या धान्यातून, दाणेही घेऊ.”

राजा खूश झाला. वाट झाली आणि नाक्यावर कोल्ह्याचा मेहुणा बसला.

तहानलेल्या पिलांना घेऊन साळिंदरबाई आली. मेहुण्याने दाणे मागितले.

“वाट आमच्याच धान्याची ना?”

“सगळ्या रानांत घेतात!” मेहुणा गुरगुरला.

“एकदाच घेतात. दोनदा घ्यायची अक्कल फक्त तुम्हालाच,” म्हणत ती पिलांसह काट्यांत शिरली. तिच्यामागे सगळं रान शिरलं आणि तिथेच पायवाट पडली.

नाक्यावर आता एकटा गेंडेराजा येतो. मेहुणा त्याच्याकडेही दाणे मागतो.