पारंबीचं वेगळं झाड

झाडांना पाखरांची नावं तोंडपाठ असत, त्या काळची ही गोष्ट. एक वड रोप होता तेव्हा दुष्काळात सात पाखरांनी चोचीचोचीनं पाणी आणून त्याला जगवलं. वडानं ती आठवण ठेवून प्रत्येकाला एकेक फांदी कायमची दिली. गोदाक्का हरियाल त्या सातांतली.

पुढे वडाची एक पारंबी जमिनीत रुजून जाडजूड झाली. वड म्हणाला, "आता पोरीला वेगळं राहू दे. माझ्यावर ज्याची फांदी, त्याची तिच्यावर एक डहाळी."

गोदाक्का हरखली. पण पारंबी सुटल्यावर वडाची सावली आखूड झाली. त्यात पारंबीनं रानभर हाक दिली, "माझ्या मुळांशी चोचभर गाळ आणून टाका, डहाळी घ्या." बुलबुल आले, तांबट आले. फळांवर पन्नास चोची वाढल्या.

गोदाक्का वडावर रुसली. "पाणी आम्ही घातलं, आणि वाटेकरी हे उपरे?"

"गोदे, तुझी डहाळी कुणी तोडली का?"

"नाही."

"मग पारंबीच्या बुडाशी बघ जरा. एवढा गाळ तुम्ही सातजणांनी आणला असता?"

गोदाक्कानं खाली वाकून पाहिलं. आपली चोच आता थकली आहे, हे तिलाच ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात नवं झाड फळांनी लाल झालं. एका तांबटानं विचारलं, "आजी, तुम्ही किती गाळ आणलात?"

"मी पाणी आणलं होतं, बाळा," गोदाक्का म्हणाली आणि त्याला बसता यावं म्हणून थोडी सरकली.