बिनटोकाची टोपली

एका राज्यात उकल्या नावाचा जादूगार होता. ज्याचं टोक हाती लागेल ते ओढून उकलायचं, ही त्याची विद्या. कोळ्यांची जाळी गेली, कुडाच्या भिंती गेल्या. एके दिवशी राजाच्या शेल्याचा पदर सापडला आणि राजाच उकलला. वाचवायला धावला टोपल्या विणणारा रायाजी बुरूड. त्याचं पागोटं लोंबत होतं, तोही उकलला. उकल्याने दोघांचे सुतासारखे गुंडे करून फडताळात ठेवले.

रायाजीची बायको सोनकी उकल्याच्या दारी गेली. "माझा धनी परत द्या."

"टोपली आण," उकल्या म्हणाला. "वेत तोड, पण बन उजाडू नकोस. रंग दे, पण रंगाऱ्याकडे जाऊ नकोस. आणि टोक मला सापडू देऊ नकोस. नाही सापडलं, तर दोन्ही गुंडे तुझे. सापडलं, तर तुझाही गुंडा."

नदीकाठी खंड्या पक्षी बोलला, "बाई, चारांतला एकच वेत घे." तिने तसंच केलं. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून लाल रंग काढला, लोखंडी कढईत हिरडा शिजवून काळा. टोकापाशी मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. बुडाशी लपवावं तर दिसे, काठाशी लपवावं तर दिसे.

"टोपलीला एकच भिंत का असावी?" तिच्या मनात आलं, आणि त्या कुतूहलात ती भीतीही विसरली. तिने आतली भिंत वर नेली, काठावर पट्ट्या वाकवल्या आणि त्याच पट्ट्यांनी बाहेरून खाली विणत आली. उरलेली टोकं दोन भिंतींच्या मध्ये खुपसली.

उकल्या लाल पट्टीवर नख ठेवून आतून काठावर आला, काठावरून बुडाशी गेला, पुन्हा आत आला. दिवस मावळला.

"टोक आहे तरी का?"

"आहे. पण टोपली कापल्याशिवाय मिळायचं नाही."

त्याला फक्त ओढणं ठाऊक. त्याची विद्या तिथेच गळाली. त्याने गुमान गुंडे पुढे केले. "विणणं मला येत नाही, बाई."

बातमी ऐकून धावत आलेले प्रधान म्हणाले, "आधी महाराज."

"आधी माझा धनी," सोनकी म्हणाली. दुसऱ्या कुणाला माणूस विणता येत नव्हता, म्हणून प्रधान बाजूला सरले. तिने रायाजी विणला, एक घर चुकलं नाही. मग तिने राजाही विणला. राजा गादीवर बसला, जाळी नव्याने विणून पाण्यात पडली, कुडाच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या.

रायाजीने स्वतःचे दंड चाचपले. "मी होतो तसाच आहे ना गं?"

"नाही," सोनकी म्हणाली. "होता एकेरी. आता दुहेरी विणलंय तुम्हाला."