बोरघळच्या वेशीचा अडसर

बोरघळला येणारा पाहुणा वेशीत थबकतोच. दरवाजा बेताचा, बैलगाडी जेमतेम जाईल एवढा. आणि त्याच्यामागे आडवा टाकायचा अडसर मात्र अंजनाच्या अख्ख्या खोडाचा, धरायला जागोजागी लोखंडी कड्या ठोकलेला. नाकापेक्षा मोती जड म्हणून लोक हसतात आणि मग विचारतात, एवढं ओझं कशासाठी? माझं घर वेशीला लागूनच, त्यामुळे उत्तर द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं आहे. बसा कट्ट्यावर. मी ऐकलेलं सांगतो. खरं किती ते तुम्ही ठरवा.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीच्या काळातली गोष्ट, असं सांगतात. गावाला तेव्हा चहूबाजूंनी गावकूस होतं आणि आत यायला ही एकच वेस. तिची राखण येसनाक वेसकराकडे. गावाचं दार त्याच्या हातात, पण त्याचं स्वतःचं घर गावकुसाबाहेर, खालच्या आळीत. गाव राखणाऱ्याला गावात घर नव्हतं. याचं तेव्हा कुणाला नवल वाटत नसे म्हणे. मला मात्र लहानपणापासून वाटत आलं आहे.

सुगीचे दिवस होते. सगळा गाव खळ्यावर गेलेला. भर दुपारी वेशीसमोर वाजतगाजत एक वऱ्हाड आलं. पाटलांच्या सोयऱ्याचं वऱ्हाड, नवरीला उन्हात किती वेळ उभी करणार, असं पुढचा म्हणाला. नवरी वेशीवर ताटकळली तर गावाच्या नावाला बट्टा. येसनाकाने अडसर काढला. तेव्हाचा अडसर एका माणसाच्या हाताने निघत असे. वऱ्हाड आत शिरलं आणि नवरीच्या शालूतून तलवार निघाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोंडून लुटारूंनी घरं धुऊन नेली. पेरणीसाठी राखलेलं बियाणंसुद्धा सोडलं नाही.

पारावर पंच बसले. सुभानजी पाटलांनी निवाडा दिला, की येसनाकाने बायकापोरांसह शीव सोडावी. लहान लेकरं घेऊन, फितुरीचा डाग लागलेला माणूस जाणार कुठे? दुसरं कोणतं गाव त्याला उभं करणार होतं? तेव्हा त्याची बायको भागाई, पारापासून लांब उभी होती तिथूनच बोलली.

"पाटलांच्या सोयऱ्याकडं लगीन हाय का न्हाई, ह्ये पाटील आळीला ठावं. वाजंत्री कुनाची, ह्ये गुरवाला ठावं. माझ्या मालकाला काय ठावं आसनार? तुमी समदी खळ्यावर, आन् गावाची राखन एकाच्या डोईवर. आडसर आसा करा की एकट्याला हालूच नये. दर आळीतलं मानूस लागलं पायजे."

पंचांना ही गोष्ट पटली. सुताराला हुकूम झाला आणि अंजनाचं झाड पडलं. निवाडा मात्र तसाच राहिला. भागाईची अक्कल गावाने ठेवून घेतली आणि भागाईला बाहेर काढलं! अडसर तयार झाला त्या संध्याकाळी येसनाकाचं बिऱ्हाड वेशीबाहेर निघालं, आणि मागे तो पहिल्यांदा टाकला गेला.

अडसर टाकायला सोपा होता. सकाळी उचलायला गेले तर हलेना. आतल्या सगळ्या आळ्यांतले गडी लागले, तालमीतले पैलवान लागले. कुऱ्हाड घातली तर धार मुडपली, असं सांगतात. बाहेर जोंधळ्यावर पाखरं उतरली होती, आणि पाण्याची विहीरही बाहेरच. गोठ्यांत जनावरं हंबरत होती. चोर आत येऊ नये म्हणून गावानेच स्वतःला कोंडून घेतलं होतं.

पाटील गावकुसावर चढून पाहतात, तर खाली चिंचेच्या सावलीत येसनाकाचं बिऱ्हाड बसलेलं.

भागाईने वर पाहिलं. "आमची आळी धरली का न्हाई, पाटील?"

 पाटलांनी डोक्यावरचं पागोटं सोडलं आणि एक टोक खाली टाकलं. ज्याची सावली चालत नसे त्याच्या हातात पाटलांचं पागोटं! येसनाक उठला, पण भागाईने त्याला थांबवलं.

"हात लावाया त्ये येतील. पर निवाडा करताना आमाला इचारनार का?"

"इचारू," पाटील म्हणाले. "पारावर बशिवून इचारू."

येसनाक पागोटं धरून वर चढला. त्याचा हात लागला आणि अडसर उचलला गेला. ही भागाईची पुण्याई, की आणखी एका माणसाचं बळ? मी पुष्कळ विचार केला, मला ठरवता आलेलं नाही.

आजही बोरघळची नवी ग्रामपंचायत निवडून आली, की पहिली ग्रामसभा वेशीत भरते. सरपंच पागोट्याचं टोक बाहेर टाकतो, खालच्या आळीतलं कुणीतरी ते धरून पडक्या गावकुसावरून आत येतं, सगळ्या आळ्या मिळून अडसर उचलतात आणि मगच गस्त, दिवे, पाणी यांचं बोलणं निघतं. गेल्या खेपेला छबूताई रणपिसे सरपंच झाल्या. त्या खालच्याच आळीतल्या. आता पागोटं टाकायचं कुणी आणि धरायचं कुणी? आम्ही म्हातारे वाद घालत बसलो.

छबूताईंनी एवढंच विचारलं, "आज येशीबाहेर कोन ऱ्हातंय?"

तळ्यामागे ऊसतोडीला येऊन कायमची राहिलेली पालं आहेत. गावात काही चोरीला गेलं की आम्ही आधी तिकडेच बघायचो. छबूताईंनी पागोट्याचं टोक तिथल्या एका बाईच्या हातात दिलं. अडसर उचलून झाला, सभा बसली आणि गस्तीचा विषय निघाला. तेव्हा ती बाई उठून उभी राहिली.

"आमच्या पालातनं दोनदा शेळ्या गेल्या. तुमची गस्त आमच्याकडं का येत न्हाई?"

 तेव्हापासून गस्त तळ्यापर्यंत जाते, आणि तिच्यात पालांवरची माणसंही असतात.