आठ रकाने

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि शब्दही साधेच आहेत. माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा सांभाळून घ्या. घडलं तसं लिहितो.

"गाडी कुठं पळवायची हाय?" वस्तादांनी विचारलं.

"रस्त्यावर."

"कुठल्या?"

"इथल्याच. कोल्हापुरातनं गगनबावडा. घाट, आणि गावातली गर्दी."

"शर्यत न्हाई?"

"न्हाई."

"मग वही वाच पुढं."

बाबालाल शिकलगार चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचंच काम करतात. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. मी बोलतोय आणि ते ऐकतायत, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

काम होतं दौलतदादा माने यांच्या जुन्या अमेरिकन गाडीचं. इंजिन आठ सिलिंडरचं, आणि नुसता ब्लॉक उचलायला चौघं लागतात. पण गाडीही तशीच जड, घाटात दमायची. दादांना तिचा स्ट्रोक वाढवून हवा होता. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल. मोठ्या फेऱ्याची क्रँक, म्हणजे पिस्टन वर-खाली करणारा दांडा, घातली की चाल वाढते आणि त्याच ब्लॉकमधून जास्त जोर निघतो.

नवी क्रँक आली होती. पिस्टन मात्र मापाचे करून घ्यायचे होते. त्याला तीन महिने लागणार, आणि एकदा सांगितलेलं माप बदलता येणार नव्हतं. तसला दुसरा ब्लॉक आमच्या माहितीत जिल्ह्यात नाही.

दादा म्हणाले होते, "वस्तादांनी आराखडा पास केला तर बांधणी इंद्रजित करील."

इंद्रजित म्हणजे मी. तोवर दुसऱ्यांनी ठरवलेल्या कामाचे बोल्ट मी आवळत आलो होतो.

महिनाभर बसून मी शंभर पानी वही भरली होती. शाळेत गणितात कधी पास झालो नाही. ही वही मात्र बरोबर होती. तीन-तीनदा तपासली होती.

"स्ट्रोक किती वाढतोय?" वस्तादांनी विचारलं.

"अर्धा इंच."

"म्हणजे पिस्टन अर्धा इंच वर येणार. हेडवर आपटणार की रं."

ते मला फसवत होते. मला कळलं.

"न्हाई वस्ताद. पाव इंच वर, पाव इंच खाली. म्हणून नव्या पिस्टनची पिन पाव इंच वर घेतलीय."

"हं... दाब?"

"साध्या पंपावरच्या पेट्रोलला सोसेल एवढाच. साडेनवाला एक या प्रमाणाच्या वर न्यायचा न्हाई."

"कॅम?" म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा.

"सौम्य. चौकात उभी राहिली तरी बंद पडू नये."

"एवढा जोर घेऊन घाटात म्हस आडवी आली तर?"

"ब्रेक आधी बदलायचे. पान सतरावर हाय. रेडिएटर पण मोठा धरलाय."

वस्तादांनी पान सतरा काढून बघितलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"कुणाचं बघून लिवलंस?"

"मीच काढलं."

त्यांनी मान हलवली. एवढी मान त्यांनी सहा वर्षांत माझ्यासाठी हलवली नव्हती.

मग त्यांनी पान बावीस उघडलं.

चाल वाढली की कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचा, खालचा भाग फिरताना बाहेर जास्त झोका घेतो. रॉडचा बोल्ट आणि सिलिंडरची खालची कड यांच्यात दीड मिलिमीटर तरी मोकळी जागा लागते. नसली तर कड घासून जागा करायची. पण मागं इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची वाट असते. जास्त घासलं तर ब्लॉक गेला.

पान बावीसवर आठ रकाने होते. प्रत्येकात मी लिहिलं होतं... दोन मिलिमीटर.

"चांगली जागा हाय," वस्ताद म्हणाले.

"व्हय. कुठंच घासावं लागणार न्हाई."

"कशी मोजलीस?"

"जुना पिस्टन, जुना रॉड घातला. नवी क्रँक ठेवून हातानं फिरवली. मग फटीत मापाची पत्ती घालून बघितलं."

"कुठल्या सिलिंडरात?"

"पहिल्या."

"आणि दुसऱ्यात? तिसऱ्यात?"

मी म्हणालो, "वस्ताद, सगळे एकाच साच्यातनं येतात. एका सिलिंडराला पाऊण तास जातोय. पिस्टन काढा, घाला, नट आवळा. सारखेच असणार."

वस्तादांनी पान दुमडलं. पहिला रकाना तेवढा बाहेर राहिला, बाकीचे सात मागं गेले. तशी दुमडलेली वही त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि लेथकडं गेले.

तेवढ्यात दौलतदादा आले. पांढरा शर्ट, हातात गॉगल.

"काय वस्ताद, पोरानं वही भरलीय म्हणं. पिस्टनची ऑर्डर आज देऊन टाकू काय?"

"इंद्याला विचारा," वस्ताद लेथवरूनच म्हणाले.

दादा माझ्याकडं वळले. "बोल बाबा. झाला आराखडा?"

झाला म्हटलं असतं तर काम माझं होतं. वस्ताद पाठमोरे होते. ते मध्ये बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तसं त्यांनी कधीच केलेलं नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. दुमडलेली वही मी दादांपुढं धरली.

"दादा, सात सिलिंडर मोजलेले न्हाईत," मी म्हणालो. "आकडे लिहिलेत. पण ते मीच भरलेत, पहिल्याचं बघून."

दादांनी गॉगलची काडी मिटली.

"म्हणजे मी आज ऑर्डर दिली असती तर? माझ्या आजोबांची गाडी हाय ती, इंद्रजित."

"व्हय दादा."

"आणि ही तुझ्या हातात द्यायची, असं तुझं म्हणणं?"

लेथ बंद झालं. वस्ताद कापसाच्या बोळ्यानं हात पुसत आले.

"दादा, चहा घेणार?"

"वस्ताद, मी काय विचारतोय..."

"साखर कमी ना तुम्हाला?"

दादा बाकावर बसले. चहा घेऊन जाताना ते मला म्हणाले, "उद्या सांजच्याला येतो. तवा सांग." वस्तादांना काहीच म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शटर वर केलं. ब्लॉक स्टँडवर उलटा केला. दुसऱ्या सिलिंडरात पिस्टन घातला, नट आवळले, क्रँक सावकाश फिरवली. पत्ती घातली. दोन मिलिमीटर. जुना आकडा खोडला आणि तोच परत लिहिला.

तिसऱ्यात दोनला थोडं कमी. चौथ्यात पावणेदोन. पाचव्यात दोन.

सहाव्यात क्रँक फिरता फिरता थांबली.

मी जोर लावला नाही. बॅटरीचा उजेड पाडून वाकून बघितलं. त्या एका सिलिंडरात पूर्वी कुणीतरी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवली होती. तिची कड ब्लॉकच्या खाली बाहेर आली होती आणि रॉडचा बोल्ट तिच्यावर टेकला होता. महिनाभर त्या ब्लॉकच्या शेजारी बसून मी वही लिहिली होती. नुसतं वाकलो असतो तरी दिसली असती.

वस्ताद बाहेर बाकावर बसून चष्मा पुसत होते. मी जवळजवळ पळतच गेलो.

"वस्ताद, सापडलं. सहाव्यात अडतंय. जुन्या स्लीव्हची कड हाय, मागं पाणी न्हाई, तेवढी घासली की झालं. दादांना सांजच्याला सांगता येईल."

वस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझे तेलकट हात बघितले.

"बरं," ते म्हणाले. "आणि सातव्यात?"